सड्यावरचं आइसलँड

माझी नात कॉलेजच्या शैक्षणिक सहलीबरोबर आइसलँडला जाऊन आली. आल्या आल्या तिने मोबाइलवर शेकड्याने फोटो दाखवले. वाफ सोडणारी जमीन, निळसर बर्फाचे डोंगर, काळ्या वाळूचा किनारा, आणि प्रत्येक फोटोत पुढे दात काढून उभी असलेली तिची टोळी. मी चष्मा पुसून पुसून सगळे बघितले आणि म्हटलं, "छान आहे, पण आमच्या वेळी हा धबधबा नव्हता." तिला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मग सांगावं लागलं की बाई गं, मी तुझ्या आधी जाऊन आले आहे तिथे, अनवाणी, डोक्यावर ओढणी घेऊन, आणि नुसती प्रवासी म्हणून नाही, वाटाडी म्हणून. ती खो खो हसली. हसू द्या. हसून झाल्यावर वाचेल म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचं गाव पावसच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. खाली आमचा मोहल्ला, होड्या आणि माडांची दाटी. चढण चढून वर गेलं की उघडा कातळाचा सडा, आणि सड्याच्या कडेला शाळा. मोहल्ल्यातली उर्दू शाळा चौथीला संपायची. पुढे शिकायचं तर वरच्या मराठी शाळेत जायचं, आणि मोहल्ल्यातल्या मुली ती चढण चढत नसत. मी चढत होते, कारण सारंगबाबांनी तसं ठरवलं होतं. सारंगबाबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गोऱ्यांच्या बोटींवर काढली, डेकवरच्या खलाशांचे सारंग, म्हणजे मुकादम, झाले, आणि परत आल्यावर घरही बोटीसारखंच चालवू लागले. त्यांच्याजवळ सारंगाची चांदीची शिट्टी होती. पहाटे नमाजाला ती वाजली की आमचं घर उठायचं, शेजारचं घर उठायचं, आणि शेजारच्यांचा कोंबडा सगळ्यांच्या मागून आरवायचा. दुसऱ्यांदा वाजायची ती माझ्या शाळेच्या वेळेला. लोक विचारत, "सारंग, पोरीला शिकवून बालिस्टर करनार काय?" ते म्हणत, "अंगठा उठवनारा जन्मभर डेक धुतो. माजी नात डेक धुनार नाय." हे ऐकून माझी मान ताठ व्हायची. पण ज्या तोंडाने त्यांनी मला शाळेत घातलं होतं त्याच तोंडाने ते काढूही शकत होते, आणि त्या तोंडातून निघालेला शब्द मागे घेतलेला गावात कोणी ऐकला नव्हता.

घरात आम्ही तिघंच, सारंगबाबा, अम्मा आणि मी. वडील मला आठवत नाहीत. लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सारंगबाबा त्यांना आपल्याच बोटीवर खलाशी म्हणून घेऊन गेले. गावातले त्या बोटीवर ते दोघंच, बाकीची माणसं चितगावकडची. परत आले ते सारंगबाबा एकटे. इस्माईल तापाने गेला, नमाज पढून त्याला दर्यात सोडला, एवढं त्यांनी पडवीत बसून सांगितलं, आणि त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. दर्यावर फिरणाऱ्या लोकांत यात नवल काहीच नव्हतं, मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांतलं एखादं माणूस असं पाण्यातच राहिलेलं होतं. अम्माने मात्र त्या दिवसापासून मासळी सोडली. ज्या दर्यात आपलं माणूस दिलं त्यातलं ताटात कसं घ्यायचं, असं तिचं म्हणणं. असं कुठल्या किताबात लिहिलेलं नाही हे मौलवीसाहेबांनी तिला दाराआडून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवताना भाताबरोबर पुन्हा डाळच घेतली. खाडीकाठच्या घरात मासळी न खाणारी बाई म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. तिची तब्येत त्यात खंगली असं बायका म्हणत.

रांधायची मात्र तीच. सारंगबाबांना ताटात मासळी नसली तर जेवण झालं असं वाटतच नसे. मी शाळेतून येताना पाणंदीतूनच पाट्यावर वरवंटा फिरण्याचा आवाज ऐकू यायचा, मग ओल्या खोबऱ्याचा, मिरचीचा, आणि उकळीत टाकलेल्या तिरफळांचा वास. बांगड्याच्या कालवणाला किती आमसुलं लागतील, आच किती ठेवायची, हे सगळं अम्माला नाकानेच कळायचं. फक्त मीठ नाकाला कळत नाही. म्हणून कालवणाला उकळी आली की हाक यायची, "रुकय्या, मीठ बघ." मी पळीतला रस तळहातावर घ्यायचा, चाटायचा, आणि "बरोबर हाय" किंवा "उलीसा घाल" म्हणून सांगायचं. दप्तर खुंटीला लावायच्या आधी हे काम. आमच्या घरच्या जेवणात बरीच वर्षं जे मीठ पडलं ते माझ्या जिभेचं होतं. सारंगबाबांना ते कधी जास्त झालं असेल, पण ते बोलले नाहीत.

आणखी एक काम माझ्याकडे होतं. सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत, आणि अम्मा रीतीला पक्की. त्या दोघांचं बोलणं माझ्यातून चालायचं. तिघंही एकाच पडवीत असलो तरी अम्मा म्हणायची, "रुकय्या, तुझ्या बाबाला विचार, चाय ठेवू?" मी विचारायची. सारंगबाबांनी आधीच ऐकलेलं असायचं, तरी ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग तिला, ठेव." मी सांगायची. याचा मला इतका कंटाळा यायचा की कधी कधी मी मुद्दाम निरोप पोचवायचीच नाही, आणि तरी चहा यायचाच.

आमचे भूगोलाचे शेट्ये मास्तर मोठे हौशी गृहस्थ. मुलांना लांबच्या सहलीला नेण्याची शाळेची ऐपत नव्हती, म्हणून ते दर वर्षी एक देशच उचलून सड्यावर आणायचे. आदल्या वर्षी मिसर देश होता, गवताच्या उडव्या रचून केलेल्या पिरॅमिडांचा. त्यातला सगळ्यात मोठा पिरॅमिड गुरांनी खाल्ला. त्यावरून शहाणे होऊन मास्तरांनी यंदा गुरांना खाता येणार नाही असा देश निवडला. वर्गात फळ्यावर त्यांनी एका बेटाचा आकार काढला आणि म्हणाले, "हा आपला कातळ म्हणजे काय? कधी काळी जमिनीच्या पोटातून उकळून आलेला रस. या बेटावर तो अजून येतो, आणि त्याच्या उशाला बर्फ. म्हणजे ते आपलं धाकटं भावंडच समजा." गावकऱ्यांनी एकेक नारळ द्यायचा, दहा-बारा जणांचा तांडा करायचा, आणि पुढे एक मूल वाटाड्या होऊन सगळं बेट हिंडवून आणायचं, अशी ती शैक्षणिक सहल. वाटाड्यांत मास्तरांनी मला घेतलं. हुशार म्हणून नव्हे, माझा आवाज खाडीपलीकडे जायचा म्हणून.

सारंगबाबांची बोट लढाईत त्या बेटाला लागली होती, हे कधीतरी त्यांच्याच तोंडून निसटलेलं मी नीट पकडून ठेवलं होतं. मी हात वर करून भर वर्गात सांगून टाकलं, "मास्तर, आमचे सारंगबाबा जाऊन आलेत तिथे!" मास्तर खुर्चीवरून उठलेच. सारंग प्रमुख पाहुणे, सारंगांना खुर्ची, सारंग शेवटी दोन शब्द बोलतील, असं सगळं त्यांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. मी उड्या मारत चढण उतरले. सारंगबाबांना बोटींच्या गोष्टी सांगायला कोण आवडे! रंगूनचा बाजार, बसऱ्याचे खजूर, कार्डिफमधली ती गोरी म्हातारी जिने त्यांची टोपी मागून घेतली होती. ती टोपी दर खेपेला जास्त सुंदर व्हायची. आता त्यांना खुर्चीवर बसून सांगायला मिळेल, ते खूश होऊन शिट्टी वाजवतील, अशी माझी खात्री.

ते पडवीत तुटलेला दोरखंड सांधत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. "कोनी सांगितला तुला मी त्या बेटाला गेलतो?"

"तुम्हीच."

मग दोरखंड बाजूला ठेवून म्हणाले, "त्या बेटाचा नाव या घरात काढायचा नाय."

"पण बाबा, मास्तरांनी तर सगळ्यांना..."

"मास्तराला सांग, सारंग मेला." आणि मग आवाज अजून खाली आणून, ज्या आवाजाला मी ओरडण्यापेक्षा जास्त भ्यायची त्या आवाजात, "आनि तू जर ता बेट लोकांना दाखवलंस, तर त्या दिसापासून तुजी शाळा बंद. मी सोता वर येऊन नाव काढीन."

दुसऱ्या दिवशी पहाटेची शिट्टी वाजली, शाळेच्या वेळेची वाजली नाही. मी आपली आपण गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. सातवीच्या फायनलची परीक्षा तोंडावर होती आणि मी ना घरची ना दारची झाले होते. मास्तरांना सांगायचं धाडस होईना, कारण त्यांनी पार पावसपर्यंत निरोप धाडले होते की खरोखर आइसलँड बघून आलेला माणूस येणार आहे. घरी सांगायचं तर सांगायचं काय? सारंगबाबा माझ्यासमोर जेवायचे, मीठ बरोबर आहे की नाही तेही चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाहीत. कार्डिफच्या म्हातारीबद्दल मी मुद्दाम विचारून बघितलं तर म्हणाले, "इसारलो." मला त्यांचा भयंकर राग आला. मला त्यांची भीतीही वाटत होती, आणि राग आणि भीती एकाच माणसाची वाटावी यासारखा दुसरा त्रास नाही.

वर सड्यावर बेट उभं राहत होतं. जांभ्याचे चिरे रचून डोंगर झाला, त्याच्या पोटात धुरासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची वाळकी सालं, भरली. रत्नागिरीत ज्याला काळा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावरून बैलगाडी भरून काळी रेती आली, तिचा किनारा झाला. उकळत्या पाण्याचा फवारा पाहिजे होता, त्यासाठी एक बांबूची पिचकारी करून माझ्या वर्गातल्या साळव्यांच्या गणपतला चिऱ्यांच्या मागे बसवायचं ठरलं. मी वाटाड्याचं भाषण पाठ करत होते आणि आपल्याला ते म्हणायला मिळणार की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी अम्मा पाट्याशी बसली होती. वरवंटा थांबवून म्हणाली, "रुकय्या, त्या बेटाच्या भोवतीनं दर्या असंल ना?"

"बेट म्हटल्यावर असणारच, अम्मा."

"तुमी ता दर्या पन केलाव?"

मी म्हटलं, मास्तरांनी समुद्राचा विचार केलेला नाही, भोवतीचं सुकलेलं गवत म्हणजेच समुद्र. अम्माने मान हलवली. "दर्या कर. लढाईतली खेप एकच, म्हंजे तुझ्या बापाला त्याच दर्यात सोडला. कुठशी सोडला ता मना बघायचा हाय. मी येनार."

मी तिच्याकडे बघतच राहिले. निकाह आणि मयत सोडून अम्मा घराबाहेर पडत नसे. मी तिला सारंगबाबांची धमकी सांगितली, जी तिने दाराआडून ऐकलेलीच होती. "माझी शाळा सुटली तर?"

तिने पाट्यावरचं वाटण बोटाने एकत्र केलं. "सुटली तर मी बोलंन त्यांच्याशी," ती म्हणाली. मला त्याने धीर यायला हवा होता, पण आला नाही. अम्मा सारंगबाबांशी बोलणार म्हणजे आमच्या घराचा वासा मोडणार असं मला वाटलं. संध्याकाळी तिने ट्रंकेतून दोन निळ्या साड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. वडील गेल्यापासून ती पांढरंच नेसत होती, त्यामुळे त्या साड्यांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. "दर्याला," ती म्हणाली.

सहलीच्या दिवशी रत्नागिरीच्या बंदरावरून होडीने बर्फ आला, गोणपाटात, भाताच्या तुसात गुंडाळलेला. येईपर्यंत अर्धा विरघळला होता. बाकीचा अर्धा गड्यांनी बांबूला टांगून ओरडत चढणीवरून आणला आणि डोंगराच्या उशाला ठेवला. गाव लोटला होता. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची तेवढी रिकामी. मास्तर दर थोड्या वेळाने चढणीच्या टोकाशी जाऊन खाली बघून येत आणि मला विचारत, "निघाले ना गं सारंग?" मी मान हलवायची. ती हो म्हणून हलायची की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

माझ्या तांड्यात मोहल्ल्यातली आणि वरच्या वाडीतली माणसं होती, आणि शेवटी पांढरी चादर डोक्यावरून घेतलेली अम्मा. मी तोंड उघडणार एवढ्यात कातळावर काठीचा आवाज आला. सारंगबाबांच्या काठीला खाली लोखंड होतं. तो आवाज मी हजार आवाजांत ओळखला असता. माणसं बाजूला झाली. मास्तर हात जोडून पुढे धावले, "या सारंग, या, बसा." सारंगबाबांनी बघितलंही नाही. नारळ गोळा करणाऱ्या पोरापुढे त्यांनी लुंगीच्या ओच्यातला नारळ ठेवला आणि खुर्ची ओलांडून माझ्या तांड्यात मागे येऊन उभे राहिले. नजर माझ्यावर. ते नाव काढायलाच आले आहेत, सगळ्यांसमोर काढणार आहेत, यात मला शंका राहिली नाही. पळून जावंसं वाटलं. अम्माने चादर थोडी मागे सारली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मग माझ्या तोंडून शब्द निघाले, वाटाड्याच्या मोठ्या आवाजात. "आपण आता बोटीतून उतरलो आहोत. इथे झाड औषधालाही सापडत नाही."

"सारंग, खरा काय?" कोणीतरी विचारलं. सारंगबाबांनी काठी पुढे टेकली. मी पुढे चालू लागले. सोडणांचा धूर वाऱ्याने फिरून सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. "हा ज्वालामुखी. याचं नाव फार अवघड आहे म्हणून मास्तरांनी नुसतं डोंगर म्हणायला सांगितलं आहे." माणसं हसली. बर्फापाशी सगळ्यांनी हात लावून बघितला. एका म्हातारीने खडा उचलून गालात धरला आणि शहारली. एरवी मला मजा आली असती. माझं सगळं लक्ष पाठीमागे, ती काठी कधी थांबते तिकडे. दर खेपेला वाटायचं, आता बोलतील. ते बोलत नव्हते, पण इतरांसारखे बघतही नव्हते. काही हरवलेलं शोधणारा माणूस जमिनीकडे बघतो तसे ते बघत होते.

आम्ही काळ्या रेतीपाशी आलो. पलीकडे अम्माच्या साड्यांचा दर्या अंथरला होता, उडू नये म्हणून कडेला दगड ठेवलेले. मी म्हणाले, "हा बेटाचा दक्षिण किनारा." आणि पुढचं वाक्य म्हणायच्या आत अम्मा तांड्यातून बाहेर आली. साड्यांच्या काठाशी उभी राहिली.

"रुकय्या," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात, "तुझ्या बाबाला विचार, कुठशी सोडला त्यांना?"

चहा ठेवू का, जेवायला वाढू का, छपराचं कौल फुटलंय, असे किती निरोप मी पोचवले असतील. हाही पोचवला. "सारंगबाबा, अम्मा विचारते, माझ्या वडिलांना कुठे सोडलं?" माझा आवाज मोठा तो मोठाच निघाला. मला तो आजही ऐकू येतो.

बर्फाचं पाणी चिऱ्यावर टपटपत होतं. सारंगबाबा साड्यांकडे आले, थांबले, आणि काठी उचलून दुसरीकडेच चालू लागले. काळी रेती ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी गेले. तिथे आम्ही उरलेले दगड तसेच टाकून दिले होते. त्यांनी एका जागी काठी टेकली.

"सांग तिला," ते मला म्हणाले, "दर्यात नाय सोडला. हितं हाय तो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच्याने निरोप पोचवला गेला नाही. पोचवायची गरजही नव्हती. ते माझ्याकडे बघत बोलत राहिले, आणि माझ्यातून तिच्याशी. "बोट किनाऱ्यापासून लांब उभी व्हती. तापानं गेला. कप्तान बोलला, बंदरात दर्यात टाकायचा नाय, जमिनीवर न्यायचा. मी बोललो, मी बाप हाय, मना उतरू द्या. उतरू दिला नाय. काळ्या मानसाला उतरायची मनाई व्हती. चार गोऱ्यांनी होडीतून नेला. त्यांच्याच कबरस्तानात, त्यांचा पादरी काय बोलला ता बोलला. मी डेकवर उभा. नमाज एकट्यानं पडलो. काळी रेती दिसली, डोंगर दिसला, पोरगा नाय दिसला. माती पन नाय दिली. बापानं तीन मुठी माती नाय दिली." थोडं थांबून म्हणाले, "घरी येऊन कुठल्या तोंडानं सांगू? दर्या बोललो. दर्याला कोनी काय इचारत नाय."

मग ते गुडघ्यावर बसले. आमच्याकडे मयताला प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. सारंगबाबांनी काळी रेती मुठीत घेतली आणि त्या दगडांवर सोडली. पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. तिसरी मूठ त्यांना सोडवेना. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. तेव्हाही आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. नेमका त्याच वेळी चिऱ्यांमागच्या गणपतला, ज्याला तिथून काही दिसत नव्हतं, आपली पाळी आली असं वाटलं आणि त्याने पिचकारी दाबली. पाण्याचा फवारा उंच उडाला आणि सारंगबाबांवर, माझ्यावर, शेट्ये मास्तरांच्या स्वच्छ धोतरावर पडला. कोणी हसलं नाही. मास्तरांनी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले.

अम्मा आली. साड्यांना वळसा न घालता त्या तुडवत, दर्यावरून चालत सरळ आली. वाटेत वाकून मूठभर रेती उचलली. ती कबरस्तानात जाऊ शकत नव्हती, बायका जात नाहीत, पण हे कबरस्तान नव्हतं, शाळेचं अंगण होतं. तिने तिच्या तीन मुठी त्या दगडांवर घातल्या. मला हात धरून खाली बसवलं आणि माझ्याकडूनही घालून घेतल्या. वडिलांसाठी मी केलेलं ते पहिलं काम. मग ती सारंगबाबांकडे वळली, आणि मी मध्ये नाही असं बघून म्हणाली, "बाबा."

ते मुठीतल्या रेतीकडेच बघत राहिले.

"बाबा, इतकी वरसा मी दर्याला शिव्या घातल्या. तुमी एकदा बोलला असता तर." आवाजात राग होता, तो तिने लपवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "उटा आता. कपडं भिजलं तुमचं. घरी चला."

ते उठले. तिसरी मूठ तेव्हा सुटली. अम्मा पुढे, काठी टेकत ते मागे, असे दोघं चढण उतरून गेले. मी पुढच्या तांड्याला बेट दाखवलं नाही. मास्तरच म्हणाले, "आज सहल इथेच पुरे."

नातीच्या फोटोंत मी खरं म्हणजे बर्फ बघत नव्हते. काळ्या किनाऱ्याच्या मागे कुठे लहानसं कबरस्तान दिसतं का, तेवढंच शोधत होते. तिला बोलले नाही. इतक्या मोठ्या बेटावर ते कुठे असेल कोण जाणे, आणि पुढे जन्मभर भूगोल शिकवूनही मला ते नकाशात दाखवता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची शिट्टी वाजली. मी अंथरुणातच ऐकत पडले होते, दुसरी वाजते की नाही. उजाडलं, भाकऱ्या झाल्या, मी दप्तर मांडीवर घेऊन पडवीच्या पायरीवर बसून राहिले. नाव काढीन म्हणाले होते, आणि मी बेट दाखवलं होतं. अम्मा दारात येऊन उभी राहिली, या वेळी दाराआड नाही. सारंगबाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गळ्यातली शिट्टी ओठाला लावली. इतकी जोरात वाजवली की शेजारचा कोंबडा पुन्हा एकदा आरवला. "चड लवकर," ते म्हणाले. "डेक धुवायचा हाय काय तुला?" मी चढणीच्या मध्यापर्यंत धावत गेले आणि मग रडले.

घरात वडिलांच्या नावाने फातिहा पढवली, मलिदा वाटला. सुनेने सासऱ्याशी न बोलण्याची रीत मोडली ती मोडलीच, पण दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नसल्याने ती "बाबा, चाय?" आणि ते "हां" यापुढे बरेच दिवस गेली नाहीत. माझं निरोप पोचवायचं काम सुटलं. दुसरं काम सुटेल असं माझ्या मनातही नव्हतं.

एका संध्याकाळी शाळेतून येताना पाणंदीत तिरफळांचा वास आला. बांगडे होते. मी दप्तर खांद्यावर तसंच ठेवून चुलीच्या खोलीबाहेर हाकेची वाट बघत उभी राहिले. कालवण उकळत असल्याचा आवाज येत होता. हाक आली नाही. आत डोकावले तर अम्मा चुलीपुढे बसली होती, पळीतला रस तिने स्वतःच्या तळहातावर घेतला होता आणि त्याच्याकडे बघत होती. मग तिने तळहात तोंडाला लावला. डोळे मिटून तशीच बसली. मी हलले नाही.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि हात लांब करून मिठाचं मडकं जवळ ओढलं.